बोलकी टाळू

दोन बोटांच्या चिमटीत नाक धरा आणि 'बाबा' म्हणा. शब्द स्वच्छ उमटतो. आता नाक तसंच धरून 'मामा' म्हणा. आवाज कोंडतो. दोन्ही शब्दांत ओठांची हालचाल एकच आहे. फरक पडतो तो तोंडाच्या अगदी मागे, जिथे आपलं लक्ष कधी जात नाही. 'ब' म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो, घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो आणि नाकाकडे जाणारी वाट बंद करतो. 'म' म्हणताना तोच भाग सैल राहतो आणि हवा नाकातून बाहेर पडते.

आपल्या वर्णमालेत 'क'पासून 'म'पर्यंत २५ व्यंजनं आहेत. त्यांतली ङ, ञ, ण, न, म ही पाच सोडली तर उरलेल्या २० व्यंजनांना नाकाची वाट बंद लागते. 'स' आणि 'श' यांनाही लागते. टाळू जन्मतः दुभंगलेली असेल तर ही वाट बंदच होत नाही. मूल 'बाबा' म्हणायला जातं आणि ऐकणाऱ्याला 'मामा' ऐकू येतं. 'दादा'चं 'नाना' होतं. बुद्धी तल्लख असते, जीभ चपळ असते, तरी बोलणं गेंगाणं होतं. घरच्यांना ते सवयीने कळतं, परक्याला कळत नाही, आणि शाळेत चिडवणं सुरू होतं.

तोंडातल्या अवघड शस्त्रक्रियांत टाळूच्या शस्त्रक्रियेचं स्थान वेगळं आहे ते यामुळेच. फट बुजली, जखम भरली, टाके विरघळले, तरी काम साधलं की नाही हे तेव्हा कळत नाही. ते मूल चार-पाच वर्षांचं झाल्यावर त्याच्या बोलण्यातून कळतं. गेल्या दोनशे वर्षांत या शस्त्रक्रियेत जे जे बदल झाले, त्यांच्यामागे हीच कसोटी होती.

पोटातले मोजके दिवस

बाळाचा चेहरा गर्भाच्या चौथ्या ते बाराव्या आठवड्यात घडतो. वरचा ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळून येतो. टाळूचं काम त्यानंतरचं. वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंनी दोन पातळ फळ्या वाढू लागतात. सुरुवातीला त्या जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत असतात, कारण मधली जागा जिभेने अडवलेली असते. आठव्या आठवड्याच्या सुमारास खालचा जबडा वाढतो, जीभ खाली बसते आणि या फळ्या वर उचलल्या जाऊन आडव्या होतात. मग त्या मध्यरेषेवर भेटतात आणि पुढून मागे सांधत जातात. बाराव्या आठवड्यापर्यंत सांधा पडजिभेपर्यंत पोचतो. हे घडू लागतं तेव्हा बाळाची लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर असते.

या क्रमात कुठेही उशीर झाला, फळ्या आखूड राहिल्या किंवा जीभ वेळेत खाली आली नाही, की फट राहते. कधी ती फक्त पडजिभेत असते, कधी मऊ टाळूत, कधी कठीण टाळूतून हिरडीपर्यंत जाते आणि ओठही दुभंगलेला असतो. ओठ आणि टाळू यांचे दोष एकत्र मोजले तर जगात साधारण दर ७०० बाळांमागे एकाला असा दोष असतो.

आपल्याकडे याचा दोष बाईच्या माथी येतो. गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतली, काही चिरलं, म्हणून बाळाचा ओठ चिरला, असं आजही अनेक घरांत ठामपणे सांगितलं जातं. याला कसलाही आधार नाही. खरी कारणं आनुवंशिक गुणसूत्रांत आणि गर्भाच्या परिसरात मिळून असतात: काही जनुकांतले बदल, फिट्सवरची काही औषधं, धूम्रपान, गरोदरपणापूर्वीचा मधुमेह, फॉलिक ॲसिडची कमतरता. बहुतेक घरांत मात्र एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. टाळू बाराव्या आठवड्यातच पूर्ण होते, म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची असते. फिट्सची औषधं स्वतःच्या मनाने बंद करणं धोक्याचं आहे. मूल हवं असं ठरवलं की आधी डॉक्टरांशी बोलून ती बदलून घ्यावीत.

शस्त्रक्रियेआधीचे महिने

टाळू दुभंगलेल्या बाळाला तोंडात पोकळी निर्माण करता येत नाही, म्हणून दूध ओढता येत नाही. ते तासभर छातीशी राहतं, दमतं आणि उपाशी झोपतं. घेतलेलं दूध नाकातून बाहेर येतं आणि घरचे घाबरतात. यावरचा उपाय साधा आहे. आईचं दूध पिळून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचं, बाळाला आडवं न ठेवता पाठ उंच करून धरायचं, आणि मध्ये मध्ये खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा. शस्त्रक्रियेची तारीख बाळाच्या वजनावर आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनवर ठरते. त्यामुळे शल्यविशारदाचं काम सुरू होण्याआधी अर्धं काम आईच्या आणि आजीच्या हातांनी झालेलं असतं.

दुसरी अडचण कानाची. टाळूचे स्नायू कान आणि घसा यांना जोडणारी नळी उघडतात. ते नीट जोडलेले नसले की मध्यकर्णात चिकट पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. आधीच बोलणं अस्पष्ट, त्यात ऐकणंही कमी. म्हणून अशा प्रत्येक मुलाचे कान पुन्हा पुन्हा तपासावे लागतात. काहींच्या कानाच्या पडद्यात पाणी निघून जाण्यासाठी बारीक नळी बसवावी लागते.

भूल नसतानाचे टाके

सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रोआझ पारे टाळूच्या भोकात धातूची चकती स्पंजच्या आधाराने बसवत असत. खाणं सुकर व्हायचं, पण टाळू हलत नसे. जिवंत टाळू शिवण्याच्या सुरुवातीच्या यशस्वी प्रयत्नांपैकी एक १८१६ च्या सुमारास बर्लिनमध्ये कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी केला. या ग्रेफेंचा आपल्याशी एक धागा आहे. पुण्याजवळ एका गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवल्याचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला आणि युरोपातल्या वैद्यांचं लक्ष या भारतीय पद्धतीकडे गेलं. ग्रेफे यांनी १८१८ मध्ये नाक घडवण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात या पद्धतीचं वर्णन आहे. कातडीचा तुकडा पुरता न कापता त्याची रक्तवाहिनी राखून वळवला तर तो जगतो, हे तत्त्व गाडीवानाचं नाक घडवणाऱ्या पुण्यातल्या कारागिराला ठाऊक होतं. पुढे टाळूची सगळी शस्त्रक्रिया याच तत्त्वावर उभी राहिली.

१८१९ मध्ये जॉन स्टीफन्सन हा कॅनडाचा वैद्यकीय विद्यार्थी पॅरिसमध्ये फिलिबेर रू या शल्यविशारदांना भेटला. त्याची मऊ टाळू जन्मतः दुभंगलेली होती आणि बोलणं समजायला कठीण होतं. रू यांनी फटीच्या कडा तासून टाके घातले. ईथरची भूल वापरात यायला अजून २७ वर्षं होती. स्टीफन्सन पूर्ण जागा होता, तोंड उघडं धरून बसला होता. बोलणं सुधारलं. दुसऱ्या वर्षी एडिंबरा विद्यापीठात त्याने आपल्याच शस्त्रक्रियेवर लॅटिनमध्ये प्रबंध सादर केला. पुढे माँट्रिअलमधल्या मॅकगिल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेच्या संस्थापकांत त्याची गणना झाली आणि तिथे तो व्याख्यानं देत असे. ज्याचं बोलणं समजत नव्हतं तो शिक्षक झाला, ही या शस्त्रक्रियेच्या आरंभीचीच गोष्ट आहे.

कठीण टाळूची फट मात्र नुसत्या टाक्यांनी जुळत नसे. तिथलं अस्तर हाडाला घट्ट चिकटलेलं असतं. ओढून शिवलं की फाटतं. १८६१ मध्ये बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांनी हाडावरचं चिवट आवरण आणि त्यावरचं अस्तर एकाच थरात सोडवून दोन्ही बाजूंनी मध्ये सरकवलं. हा जाड थर टाके धरून ठेवतो. ही पद्धत काही फेरफारांसह आजही वापरात आहे.

स्नायूंची झोळी

फट बुजू लागली, पण बोलणं प्रत्येकाचं सुधारत नव्हतं. टाळू आखूड पडते असं वाटून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती मागे ढकलून लांब करण्याच्या पद्धती आल्या. त्यांत पुढचं हाड उघडं राहायचं आणि तिथे कडक व्रण धरायचा. हा व्रण वाढत्या जबड्याला आवळून ठेवतो. अशी मुलं मोठी होताना वरचा जबडा लहान राहतो, चेहरा मधोमध बसका दिसतो आणि खालचे दात वरच्यांच्या पुढे जातात.

खरी मेख स्नायूंत होती. मऊ टाळू उचलणारा स्नायू डाव्या-उजव्या बाजूंनी येऊन मध्ये जोडला जातो आणि त्याची झोळी तयार होते. ही झोळी वर ओढली गेली की टाळू उचलली जाते. टाळू दुभंगलेली असेल तर दोन्ही बाजूंचे स्नायू एकमेकांना भेटत नाहीत. ते दिशा बदलून पुढे जातात आणि कठीण टाळूच्या मागच्या कडेला चिकटतात. वरचं अस्तर कितीही सुबक शिवलं, तरी आतला स्नायू चुकीच्या दिशेनेच ओढत राहतो. जर्मनीतल्या ऑटो क्रीन्स यांनी १९६९ मध्ये हे स्नायू हाडाच्या कडेपासून सोडवून, मागे वळवून, आडवे जोडण्याची पद्धत मांडली. अमेरिकेतल्या लिओनार्ड फर्लो यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत इंग्रजी झेडच्या आकाराचे उलटसुलट छेद घेऊन स्नायू मागे नेले जातात आणि टाळूची लांबीही वाढते. लंडनचे ब्रायन सोमरलॅड यांनी हे काम सूक्ष्मदर्शकाखाली, स्नायूचा धागा न् धागा पाहत करण्याचा पाठ घालून दिला.

टेबलावर

बाळाला पूर्ण भूल देतात. श्वासनळीत घातलेली नळी खालच्या ओठावरून हनुवटीकडे वळवलेली असते, म्हणजे ती कामाच्या आड येत नाही. खांद्याखाली गुंडाळी ठेवून मान मागे झुकवतात. तोंड उघडं धरणारी धातूची चौकट बसवतात. तिची पट्टी जीभ आणि नळी दोन्ही दाबून धरते. शल्यविशारद बाळाच्या डोक्याशी बसतो, त्यामुळे त्याला सगळं उलटं दिसतं. कपाळावरच्या दिव्याचा झोत पडतो तो भाग एका मोठ्या नाण्याएवढा असतो.

आधी रक्तवाहिन्या आकसवणारं औषध टोचतात. आठ किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण ६५० मिलिलिटर रक्त असतं. त्यातलं ६५ मिलिलिटर गेलं तरी तो दहावा हिस्सा होतो. मग फटीच्या कडा मोकळ्या करतात आणि बोथट हत्याराने अस्तराचा थर हाडावरून हलकेच उचलतात. शेवटच्या दाढेच्या जागेजवळ हाडातल्या छिद्रातून टाळूची मुख्य धमनी बाहेर येते. तिच्यावरच हा थर जगतो. तिला धक्का लागला तर थर काळा पडून गळू शकतो. म्हणून तिच्याभोवती हात अगदी सावकाश चालतो.

शिवण तीन थरांची असते. आधी नाकाच्या बाजूचं अस्तर शिवतात आणि त्याच्या गाठी नाकाकडे ठेवतात. मग दोन्ही बाजूंचे स्नायू मागे वळवून एकमेकांत गुंतवतात. शेवटी तोंडाच्या बाजूचं अस्तर. टाके विरघळणारे असतात. सुमारे दीड-दोन तासांनी, रक्त आत उतरू नये म्हणून घशात ठेवलेली कापडाची गुंडाळी काढतात, रक्त थांबल्याची खात्री करतात आणि मगच भूल उतरवतात. पहिल्या रात्री सगळ्यांचं लक्ष श्वासाकडे असतं, कारण इतके दिवस सताड उघडी असलेली वाट अचानक अरुंद झालेली असते आणि सूजही आलेली असते. पुढे दोन-तीन आठवडे पातळ अन्न द्यायचं आणि बाळाची बोटं तोंडात जाऊ द्यायची नाहीत.

केव्हा करावी

लवकर केली तर बोलणं चांगलं येतं, उशिरा केली तर जबड्याची वाढ चांगली होते. हा पेच शल्यविशारदांना शंभर वर्षं छळत आला आहे. बोलण्याच्या बाजूने भक्कम पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोप आणि ब्राझीलमधल्या रुग्णालयांत, फक्त टाळू दुभंगलेल्या ५५८ बाळांपैकी काहींची शस्त्रक्रिया सहाव्या महिन्यात आणि काहींची बाराव्या महिन्यात केली. पाचव्या वर्षी तपासलं तेव्हा लवकर केलेल्या गटात ८.९ टक्के मुलांची टाळू नाकाची वाट नीट बंद करत नव्हती. उशिराच्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं. ही सगळी निरोगी, भरल्या वजनाची बाळं होती आणि लहान बाळांना भूल देण्यात मुरलेली रुग्णालयं होती. अशक्त बाळावर सहाव्या महिन्यात घाई करावी असा याचा अर्थ नाही. आपल्याकडे साधारण नऊ महिने ते दीड वर्ष या काळात ही शस्त्रक्रिया केली जाते. मूल पहिले शब्द जुळवू लागण्याआधी टाळू तयार हवी, हे सूत्र मात्र सगळीकडे एकच.

वाट बंद होत नसेल तर मूल घशातच हवा अडवून आवाज काढायला शिकतं. ही सवय एकदा जडली की टाळू दुरुस्त झाल्यावरही जात नाही. पंधराव्या-विसाव्या वर्षी शस्त्रक्रियेला आलेल्या तरुणाची फट बुजते, पण बोलणं आपोआप सुधारत नाही. त्याला वाचा-उपचारतज्ज्ञाकडे महिनोन् महिने धडे घ्यावे लागतात.

पुन्हा टेबलावर जाणारी मुलं

काही मुलांची शिवण एखाद्या ठिकाणी सुटते आणि छिद्र राहतं. पाणी पिताना ते नाकात येतं. छिद्र लहान असेल तर शेजारच्या अस्तराने बुजतं. मोठं असेल आणि भोवती सगळा व्रणच असेल तर नवं मांस बाहेरून आणावं लागतं. मेक्सिकोचे होसे गेरेरोसांतोस यांनी १९६६ मध्ये यासाठी जीभ वापरली. जिभेच्या पाठीवरचा एक थर पुढच्या टोकाशी जोडलेला ठेवून उचलायचा आणि टाळूच्या छिद्रावर शिवायचा. दोन-तीन आठवडे जीभ टाळूला बांधलेली राहते. मूल पातळ अन्नावर जगतं आणि खुणांनी बोलतं. तोवर टाळूकडून नव्या रक्तवाहिन्या त्या थरात शिरतात आणि मग देठ कापून जीभ मोकळी करतात. जिभेची जखम भरते, बोलण्यात फारसा फरक पडत नाही.

काहींची टाळू अखंड जुळते, पण घशाच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. हे ओळखायला घरचा छोटा आरसा पुरतो. तो नाकाखाली धरून मुलाला 'काका', 'पापा' म्हणायला सांगायचं. आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटते आहे. मग नाकातून दुर्बीण घालून पाहतात. गरजेप्रमाणे घशाच्या मागच्या भिंतीवरचा थर उचलून टाळूला जोडतात किंवा दोन्ही बाजूंचे स्नायू वळवून वाट अरुंद करतात. वाट फार अरुंद झाली तर मूल घोरू लागतं, झोपेत श्वास अडतो, म्हणून इथे मिलिमीटरचा हिशेब असतो.

वरून अखंड दिसणारी पण आतले स्नायू दुभंगलेली टाळूही असते. पडजिभेला दोन टोकं दिसणं ही तिची खूण. अशा मुलाच्या नाकामागची ॲडेनॉइडची गाठ काढली तर बोलणं एकाएकी गेंगाणं होऊ शकतं, कारण आखूड टाळू त्या गाठीलाच टेकून वाट बंद करत होती. ॲडेनॉइड काढण्याआधी पडजीभ पाहून घ्यायलाच हवी.

हिरडीतली फट वेगळी. सुळा येण्याआधी, आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, कमरेच्या हाडातला मऊ भुसभुशीत भाग काढून तिथे भरतात. काही महिन्यांत तो जबड्याचा भाग होतो आणि सुळा त्यातून खाली उतरतो. जबडा फारच मागे राहिला तर वाढ थांबल्यावर, सतरा-अठराव्या वर्षी, वरचा जबडा कापून पुढे आणतात. या छेदाला रने ल फोर यांचं नाव आहे; त्यांनी १९०१ मध्ये मृतदेहांच्या कवट्यांवर प्रयोग करून चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर फुटतात ते दाखवलं होतं.

शिबिरानंतरची वर्षं

न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित वर्षानुवर्षं भारतात येऊन, पुढे चाकाच्या खुर्चीतूनसुद्धा, मोफत शिबिरांत दुभंगलेले ओठ आणि चेहऱ्यावरचे दोष दुरुस्त करत राहिले. त्यांना २००१ मध्ये पद्मश्री मिळाली. हा दोष दुरुस्त होऊ शकतो ही गोष्ट अशा शिबिरांमुळे गावोगाव पोचली, आणि ते ऋण मोठं आहे. ओठाचं काम एका दिवसात दिसतं. टाळूला मात्र प्लास्टिक सर्जन, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसातज्ज्ञ, दंतवैद्य आणि वाचा-उपचारतज्ज्ञ अशा सगळ्यांची साथ अठरा वर्षं लागते. ओठ शिवून झाला की घरच्यांना काम संपलं असं वाटतं आणि टाळू तशीच राहते. आपल्याकडची मोठी हानी इथे होते.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. अंगणवाडी आणि शाळांमधल्या तपासणीत आढळलेल्या मुलाला जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवून पुढचे उपचार मोफत मिळण्याची सोय त्यात आहे. तुमच्या घरात, शेजारी किंवा वस्तीत बाळ जन्मलं तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना किंवा नर्सला त्याच्या तोंडात विजेरीचा उजेड टाकून टाळू पडजिभेपर्यंत पाहायला सांगा. ओठ धड असला तरी पाहायला सांगा. दोष आढळला तर आईला बोल लावू नका, बाळाचं वजन वाढवा आणि पहिल्या महिन्यातच आशाताईंमार्फत जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवा. शस्त्रक्रिया झाल्यावर वाचा-उपचाराची एकही तारीख चुकवू नका.